चौदा नंबरची तक्रार, लॉगिनशिवाय

४०७, टॅमरॅक अपार्टमेंट्स, विनिपेग
९ जानेवारी

प्रिय लॉर्ना,

तू माझ्या भावाला सोडलंस त्याला सहा वर्षं झाली, आणि मी तुला सोडलेलं नाही हे त्याला अजून कळलेलं नाही. मार्सेल वर्षातून एकदा, ख्रिसमसला भेटतो. तेवढा दिवस मी तुझं नाव काढत नाही. उरलेले दिवस माझे आहेत.

पत्र कागदावर का, असं विचारशील. आमच्या इमारतीत इंटरनेट फुकट आहे. फुकट म्हणजे मालकाचं आहे. मालकाविरुद्धची तक्रार मालकाच्याच तारेतून पाठवायची, इतकी काही मी म्हातारी झालेली नाही.

आता कामाचं. आमच्या भाडेकरू मंडळाची तक्रारींची साइट तुझ्या कंपनीकडे आहे आणि ती तू स्वतः बनवते आहेस, हे मला मंडळाच्या बैठकीत कळलं. पहिली चाचणी आमच्याच इमारतीवर व्हायची आहे. बाहेर उणे एकतीस आहे. आत किती आहे ते सांगत नाही, कारण माझा थर्मामीटर खिडकीला चिकटून बसलाय. मी एकाहत्तर दारं ठोठावली. बहुतेकांनी लगेच हो म्हटलं. सहाव्या मजल्यावरच्या हलिनाबाईंनी दाराची साखळी न काढता फटीतून विचारलं, "मी लिहीन, ओडेट. पण वाचणार कोण?"

"मंडळ."

"आणि?"

"आणि कोणी नाही."

"तू हे शपथेवर सांगतेस?"

त्यांची बहीण ओरिसिया गेल्या शरदापासून त्यांच्याकडे राहते. तिला दमा आहे. करारावर मात्र एकच नाव आहे, आणि करारात नसलेला माणूस सापडला तर दोघींना बाहेर काढायला मालकाला एक दुपार पुरे. हीटरची तक्रार करायची तर दम्याचं लिहायला हवं. दम्याचं लिहिलं की बहीण आलीच. मी शपथ घेतली, लॉर्ना. मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून ती आता तुझ्या नावावर केली आहे.

एकच सांग. मी लायब्ररीत बसून तक्रार लिहिली, लॉगआउट केलं आणि उठले. माझ्या खुर्चीवर दुसरा कोणी बसला. त्याला काय दिसेल?

तुझी माजी नणंद,
ओडेट


हॅमिल्टन
१७ जानेवारी

प्रिय ओडेट,

त्याला लॉगिनचं पान दिसेल आणि तुझ्या अंगाची ऊब लागलेली खुर्ची मिळेल. बस्स.

सांगते उलगडून, जांभई आली तर दे. पूर्वी प्रत्येक पान मागायला सर्व्हरकडे, म्हणजे माहिती ठेवलेल्या दूरच्या संगणकाकडे, जावं लागायचं. आमच्या साइटला एकच पान आहे. ती उघडलीस की लॉगिनचं, तक्रारींचं, खात्याचं अशी सगळी दालनं एका फटक्यात तुझ्या संगणकात उतरतात. नंतर तू या दालनातून त्या दालनात जातेस, पण खरं तर जागची हलत नाहीस. आमचा प्रोग्राम समोरचं चित्र बदलतो, एवढंच. मग लॉगिन न केलेल्याला आतल्या दालनांपासून लांब ठेवणं हेही त्याच प्रोग्रामचं काम. त्यासाठी मी एक पहारेकरी लिहिलाय. प्रत्येक दालनाच्या दाराशी तो विचारतो, लॉगिन केलंय का? नसेल तर हाताला धरून लॉगिनच्या पानावर नेऊन उभं करतो. पत्ता थेट टाइप करून घुसायला बघितलं तरी तेच. मागे जायचं बटण दाबलं तरी तेच.

परवा ऑफिसात सगळ्यांसमोर दाखवलं. मी लॉगआउट केलं, तक्रारींच्या पानाचा पत्ता टाइप केला, आणि पहारेकऱ्याने मला, त्याच्या जन्मदात्रीला, हाकलून दिलं. टाळ्या पडल्या. आमचे मालक प्रुइट यांनी डोनट मागवले. ते हिशेबी गृहस्थ आहेत, बारा माणसांत सहा मागवले, पण मागवले.

हलिनाबाईंना सांग, निर्धास्त लिहा. तुझी शपथ मी घेतली.

लॉर्ना


विनिपेग
२६ जानेवारी

प्रिय लॉर्ना,

तुझा पहारेकरी पाहिला. बरा आहे, जरा झोपाळू आहे.

दुपारी लायब्ररीत गेले. ती लहान मुलांच्या गोष्टींची वेळ असते. तेव्हा सगळ्या आया आपापले फोन उघडून बसतात आणि इंटरनेट मधासारखं ओघळायला लागतं. मी माझी तक्रार लिहिली. तिला चौदावा नंबर मिळाला. लॉगआउट केलं. मग म्हटलं, चला, लॉर्नाची परीक्षा घेऊ. तुझ्या पत्रातल्यासारखा पत्ता थेट टाइप केला.

आणि काय सुरेख केलं आहेस गं! आधी क्षणभर तक्रारींची सगळी यादी समोर येते, जणू ही काय तुमची इमारत, बघून घ्या, आणि मग धाड्कन लॉगिनचं पान. नाटकात पडदा पडायच्या आधी सगळी नटमंडळी एकदा रांगेत उभी राहतात, तसंच. मी तीनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा तर तिसऱ्या मजल्यावरच्या झुरळांबद्दलची अख्खी ओळ वाचून झाली.

दुसऱ्या मजल्यावरचे ऑस्वाल्दो माझ्याबरोबर होते. चाळीस वर्षं कुलपांचं दुकान चालवलेला माणूस. ते म्हणाले, "ओडेट, लॉगआउट झाल्यावर हे दिसायला हवं का?"

मी म्हटलं, "तुमचं दुकान बंद झालं म्हणून जगातली सगळी कुलपं बिघडली नाहीत."

तरी विचारून ठेवते. तो क्षण तू मुद्दाम ठेवला आहेस ना?

ओडेट


हॅमिल्टन
३ फेब्रुवारी

प्रिय ओडेट,

ती झलक दिसायला नको होती. आता दिसणार नाही. पहारेकऱ्याची चौकशी होईपर्यंत पडद्यावर एक छोटं चाक फिरत राहील. काम झालं आहे.

कळवल्याबद्दल आभार. इकडे बर्फ आहे. तब्येतीला जप.

लॉर्ना


विनिपेग
११ फेब्रुवारी

प्रिय लॉर्ना,

चाक पाहिलं. गोल आहे, निळं आहे, फिरतं. झलक गेली.

तुझ्या शब्दावर हलिनाबाई काल माझ्याबरोबर लायब्ररीत आल्या. दोन बोटांनी तासभर टाइप केलं. दमा, बहीण, पलंग भिंतीपासून किती लांब सरकवला आहे, सगळं. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "झालं. आता मी तुझ्या हातात." मी म्हटलं, "माझ्या नाही, माझ्या वहिनीच्या." माजी वगैरे काही म्हटलं नाही. तिथे ते शोभलं नसतं.

आता तुझ्या पत्राबद्दल. त्यात एकही विनोद नव्हता. तू मार्सेलला सोडून गेलीस त्या दिवशीच्या पत्रात तीन होते, त्यातला एक माझ्यावर. आभार मानलेस. तब्येतीला जप म्हणालीस. असं मला फक्त विमा कंपनी लिहिते.

ऑस्वाल्दोही एक म्हणाले. कुलूप दुरुस्त झालं की माणूस उघडून, लावून दाखवतो. ज्याचं दुरुस्त झालेलं नसतं तो दाराला रंग देतो.

काय झालंय, लॉर्ना?

ओडेट


हॅमिल्टन
१८ फेब्रुवारी

प्रिय ओडेट,

आज सकाळी फोनवर मी एवढंच म्हटलं, "हलिनाबाईंची तक्रार आत्ताच्या आत्ता काढून टाक, कारण लिहून कळवते," आणि फोन ठेवला. तू परत केलास तो उचलला नाही. बाई पन्नाशीला आली तरी भित्री असू शकते, याची नोंद घे.

ऑस्वाल्दोंचं खरं आहे. मी रंग दिला.

तुझं "नटमंडळी रांगेत उभी राहतात" वाचलं तेव्हाच मला कळलं. लॉगिन न केलेल्या माणसाला यादी क्षणभर जरी दिसली, तरी त्याचा अर्थ ती त्याच्या संगणकात येऊन पोचली आहे. पहारेकरी तिला अडवत नव्हता, आल्यानंतर झाकत होता. आमच्या ऑफिसात इंटरनेट इतकं वेगात धावतं की तो क्षण बारा जणांत कोणालाच कधी दिसला नाही. तो दिसायला तुझी लायब्ररी आणि गोष्टींची वेळच हवी होती.

मग मी करायला हवं होतं ते केलं. साइट बाजूला ठेवली. पहारेकरी ज्या पानाच्या दाराशी उभा आहे तिकडे गेलेच नाही. यादी जिथून येते त्या सर्व्हरचा पत्ता घेतला आणि लॉगिन न करता थेट त्याच्याकडे मागणी केली. त्याने दिली. सगळी. नाव, खोली, तक्रार. तू कोण, असं विचारलंसुद्धा नाही.

माझा पहारेकरी साइट बघणाऱ्याच्या संगणकात बसतो, ओडेट. आपला वॉचमन चोराच्या घरी नेमल्यासारखं आहे ते. चोराला वाटलं तर तो त्याला चहा पाजेल, वाटलं तर खोलीत कोंडेल. खरी विचारपूस सर्व्हरने करायची असते, प्रत्येक मागणीला, दर वेळी: लॉगिन केल्यावर दिलेली चिठ्ठी दाखव, मगच देतो. ते काम आमच्या ऑफिसातल्या इयनकडे होतं. इयनला वाटलं, तपासणी मी करते आहे. मला वाटलं, तो करतो आहे. नोव्हेंबरात काटकसर म्हणून इयनला काढलं आणि सर्व्हरच्या किल्ल्या प्रुइटनी स्वतःकडे घेतल्या. त्यांना त्या फिरवता येत नाहीत, पण खिशात वाजतात छान.

मी त्यांच्याकडे गेले. हे सगळं तुला पत्र लिहायच्या आधी, एक फेब्रुवारीला.

"लॉगआउट झालेला माणूस असला पत्ता शोधेलच कशाला?" ते म्हणाले.

"घरमालक शोधेल."

"घरमालकांना हे जमतं?"

"त्यांच्याकडे पगारी माणसं असतात. तुमच्याकडे मी आहे तशी."

"लॉर्ना, लोकांना झलक दिसते, हा प्रॉब्लेम आहे. दिसली नाही तर प्रॉब्लेम राहिला कुठे? नऊ मार्चला निधी देणाऱ्या समितीसमोर आपल्याला हे उभं करायचंय. तिथे एक चाक फिरव. लोकांना चाक आवडतं."

मी चाक फिरवलं. मग तुला "काम झालं आहे" असं लिहिलं, आणि त्या तीन शब्दांवर विसंबून एका बाईने आपल्या बहिणीचं नाव टाइप केलं.

किल्ल्या दिल्या तर इयनचं काम मी दहा दिवसांत करेन, असं काल परत सांगितलं. ते म्हणाले, समितीनंतर बघू. समितीनंतर गावातल्या एकोणीस इमारती या साइटवर येणार आहेत.

क्षमा मागत नाही. तू देशील, आणि मला ती आत्ता नको आहे.

लॉर्ना


विनिपेग
२५ फेब्रुवारी

लॉर्ना,

"प्रिय" या वेळी नाही. पुढच्या खेपेला बघू.

मी एकवीस वर्षं शाळेची बस चालवली. ब्रेकमध्ये काही आहे असं वाटलं तर मी बस हलवत नसे. मुख्याध्यापक येऊन ओरडायचे, पालक ओरडायचे, पोरं आनंदाने ओरडायची. मी खाली उतरून बोनेटला टेकून उभी राहायची. मला कधी कोणी म्हटलं नाही की ओडेट, डॅशबोर्डवरचा लाल दिवा तेवढा काढून टाक. आणि कोणी म्हटलं असतं, तर मी काय केलं असतं ते तुला माहीत आहे. तू मात्र दिवा काढलास. मार्सेलसुद्धा असंच करायचा, म्हणून सोडलास ना त्याला?

झालं बोलून. आता ऐक.

तुझा फोन आला तशी मी कोट न घालता सहाव्या मजल्यावर गेले. तक्रार त्याच दुपारी काढली. हलिनाबाईंना सगळं सांगितलं, तुझ्या नावासकट. त्या ओरडल्या नाहीत. "म्हणजे आठ दिवस दार उघडं होतं," एवढंच म्हणाल्या, आणि या वेळी साखळी लावायच्या आधी दार जरा हळू लावलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग उरलेली सत्तर दारं. होय, परत. मी प्रत्येक दाराशी सांगितलं: "मी तुम्हाला म्हटलं होतं की कोणी वाचणार नाही. ते खोटं निघालं. ज्याला काढायची आहे त्याने तक्रार काढावी, मी लायब्ररीत बरोबर येते." बावीस जणांनी काढली. अठ्ठेचाळीस जणांनी ठेवली. पाचव्या मजल्यावरच्या गळक्या पाइपवाल्या भाडेकरूला तू ओळखत नाहीस, तो म्हणाला, "वाचू दे की मालकाला. चार वर्षं मी त्याला तेच सांगतोय, निदान एकदा वाचेल तरी." मॅनेजर ड्वेन जिन्यात भेटला. "मिसेस फिलियन, फार चढ-उतार चाललीय." म्हटलं, "हो, ऊब येते. तुम्ही दुसरी सोय ठेवली नाहीत ना."

आता तुझं काम. नऊ तारखेला त्या समितीसमोर तू काय दाखवायचं ठरवलं आहेस? चाक? ते दाखवायचं असेल तर मला परत पत्र लिहू नकोस. दुसरं काही दाखवायची हिंमत असेल आणि त्याला कोणाचं तरी नाव हवं असेल, तर माझं घे. चौदा नंबर. लेखी परवानगी देते: मी, ओडेट फिलियन, खोली ४०७, माझी तक्रार लॉगआउट झालेल्या कोणाही माणसाला, जाहीर सभेत, मोठ्या पडद्यावर दाखवायला माझी हरकत नाही. उलट ती मोठ्याने वाचावी, अशी इच्छा आहे. शुद्धलेखन माझं मी तपासलं आहे.

नोकरी जाईल, असं म्हणशील. जाईल. इथे ये. माझ्याकडे सोफा आहे. गारठलेला आहे, पण लांब आहे.

ओडेट


हॅमिल्टन
१० मार्च

प्रिय ओडेट (मी म्हणणार, तू काही म्हण),

समितीत सात माणसं होती. प्रुइटनी नवा टाय घातला होता. त्यांनी वीस मिनिटं विश्वास या विषयावर भाषण केलं, मग माझ्याकडे हात केला. ठरलं होतं असं: मी लॉगआउट करायचं, पत्ता टाइप करायचा, चाक फिरणार, लॉगिनचं पान येणार, टाळ्या.

मी लॉगआउट केलं. पत्ता टाइप केला. चाक फिरलं. लॉगिनचं पान आलं. टाळ्या पडल्या.

मी म्हटलं, "बसा, अजून संपलं नाही."

दुसरी कोरी खिडकी उघडली. "मी आत्ता लॉगआउट झालेली आहे. मी कोणीही आहे. समजा, मी घरमालक आहे." आणि सर्व्हरचा पत्ता टाइप करून पुढे चौदा आकडा लिहिला. फक्त चौदा. भिंतभर पडद्यावर तू आलीस.

कोपऱ्यात एक जाडजूड बाई बसल्या होत्या, गावच्या गृहनिर्माण खात्यातल्या, तोवर फोनमध्ये बघत होत्या. त्यांनी चष्मा लावला आणि न सांगता मोठ्याने वाचायला सुरुवात केली: "माझ्या बाथरूमची खिडकी आतून गोठते. हीटर दिसायला आहे. मॅनेजर ड्वेन यांना नोव्हेंबरपासून सात वेळा सांगितलं. सातव्या वेळी ते म्हणाले, लोकरीचं घाला. मी एकवीस वर्षं उणे चाळीसमध्ये शाळेची बस चालवली आहे. मला लोकर शिकवू नये."

कोणी हसलं नाही. एक जण हसायला गेला आणि त्या बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"हे कोणालाही दिसतं?" त्यांनी मला विचारलं.

"मागेल त्याला."

"आणि आधी जे पाहिलं ते?"

"तो पडदा होता. एक फेब्रुवारीपासून मला माहीत आहे. तो मीच शिवला."

प्रुइट उठले. वाटलं, गेली नोकरी. तुझा सोफा डोळ्यांपुढे आला. ते घसा खाकरून म्हणाले, "हीच ती दक्षता. आमची कंपनी हिच्यासाठीच ओळखली जाते." ओडेट, त्या माणसाला बुडवताच येत नाही, तो बूच आहे. पण समितीने ठराव लिहून घेतला: सर्व्हर स्वतः प्रत्येक मागणीला विचारपूस करेपर्यंत साइट बंद, एकोणीस इमारती नाहीत, निधी नाही. किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर आला तेव्हा अजून गरम होता. मी पहिलं काम केलं ते तुमची यादी सर्व्हरवरून उतरवण्याचं. ती दार बसल्यावरच परत चढेल. दुसरं काम, इयनला परत बोलवायला लावलं. अट म्हणून. मी आजकाल अटी घालते.

सर्व्हर आलेली प्रत्येक मागणी टिपून ठेवतो. मी जानेवारीपासूनच्या सगळ्या नोंदी वाचल्या. लॉगिनशिवाय यादी दोनच ठिकाणांहून मागितली गेली: माझं टेबल आणि तुझी लायब्ररी. बाकी कोणी आलं नव्हतं. हे हलिनाबाईंना सांग, पण दिलासा म्हणून सांगू नकोस. कोणी आलं नाही, हे माझं कर्तृत्व नव्हे.

लॉर्ना


विनिपेग
२ एप्रिल

प्रिय लॉर्ना,

हो, लिहिलंय. परत वाचू नकोस.

साइट परत सुरू झाल्याचं तुझं पत्र घेऊन मी लायब्ररीत गेले. मुद्दाम गोष्टींच्या वेळी. ऑस्वाल्दो त्यांची जुनी हत्यारांची पिशवी घेऊन आले होते. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नाही. लॉगआउट करून पानाचा पत्ता टाइप केला. लॉगिन. मग तू लिहून दिलेला सर्व्हरचा पत्ता, पुढे चौदा. पांढऱ्या पडद्यावर एक ओळ आली: परवानगी नाही. मी म्हटलं, अरे, माझीच आहे ती! परवानगी नाही. ऑस्वाल्दोंनी पिशवी खाली ठेवली आणि टोपी काढली.

मग मागून कोणीतरी म्हणालं, "मला बसू दे."

हलिनाबाई होत्या. मी बोलावलं नव्हतं. दीड महिना त्या माझ्याशी जिन्यातसुद्धा बोलल्या नव्हत्या. त्यांनी कोट काढला नाही, पिशवी मांडीवर ठेवली आणि दोन बोटांनी तो लांबलचक पत्ता टाइप केला. पुढे एक. परवानगी नाही. दोन. परवानगी नाही. लॉर्ना, त्यांनी एकाहत्तरपर्यंत आकडे टाकले. एकेक. गोष्टींची वेळ संपली, पोरं घरी गेली, मी दोनदा कॉफी आणून दिली, ती गार झाली. एकाहत्तर वेळा त्यांनी आत घुसायचा प्रयत्न केला आणि एकाहत्तर वेळा सर्व्हरने त्यांना बाहेर उभं केलं.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "अकरा वर्षं या देशात आहे," म्हणाल्या. "बँकेत, ऑफिसात, दवाखान्यात, सगळीकडे मला हेच ऐकवलं. नाही, नाही, नाही. आज पहिल्यांदा बरं वाटलं."

आणि त्यांनी लॉगिन केलं. तक्रार पहिल्यापासून लिहिली. दमा, भिंत, पलंग. गेल्या वेळी त्यांनी "माझी बहीण" एवढंच लिहून पुढे फक्त ओरिसिया म्हटलं होतं. या वेळी पूर्ण नाव, आडनावासकट, आणि खाली एक ओळ: आम्ही दोघी इथे राहतो.

मी म्हटलं, "हलिनाबाई, एवढं लिहायची गरज नाही."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या, आणि माउसवरचा माझा हात बाजूला करून स्वतः लॉगआउट केलं.

ओडेट